पालथोबा

५ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार समजून घे. वाकायचं ते मनातल्या मनात वाकले, कारण कंबर आता माझं ऐकत नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा आपल्या दोघांना कागदच बरा.

नात शिकायला म्हणून माझ्याकडे राहते हे तुला माहीत आहेच. परवा चहा ओतताना विचारते, "आजी, या किटलीला बोबडी का म्हणतेस?"

"तोंडाचा टवका उडालाय. चहा अडखळत अडखळत येतो, म्हणून."

"ते दिसतंय गं. पण नाव कोणी ठेवलं?"

"माझ्या आईनं. तिच्याच हातून आपटली होती."

"मग फेकून का नाही दिली?"

झालं! मग मला बसून आपल्या घरचा सगळा नियम सांगावा लागला. ज्याच्या हातून वस्तू बिघडेल त्यानं जेवताना सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि त्या वस्तूला नाव द्यायचं. नाव दिलं की विषय संपला. मार नाही, बोलणी नाही, पुन्हा उल्लेख नाही. आणि नाव मिळालेली वस्तू दुरुस्त करायची नाही, टाकायचीही नाही. ज्यानं नाव दिलं त्यानं ती जन्मभर सांभाळायची. ती पोटभर हसली. म्हणाली, "तुमचे बाबा घड्याळजी आणि घरातलं एक धड दुरुस्त नाही?" आता तिनं वही केली आहे. सगळी नावं टिपून ठेवणार म्हणते. मला अर्धी आठवत नाहीत. तू पाठव.

दुसरी गोष्ट जरा काळजीची. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करण्याच्या एका कार्यशाळेत तिनं अर्ज केला होता. पंधरा मार्चला हाताच्या कामाची परीक्षा आहे. मी नको म्हटलं. पोरगी हुशार आहे, पण हात माझ्यावर गेलाय. गेल्या आठवड्यात काचेचा पेला सुटला हातातून. दवाखान्यांची नाजूक यंत्रं ती! माझा शब्द ती मोडत नाही, म्हणून घुम्यासारखी बसली आहे. एक तारखेपर्यंत नकार कळवायचा आहे. मी योग्य केलं ना?

लवकर लिही. वहिनी असती तर तुला पुढ्यात बसवून लिहून घेतलं असतं.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

जगन्नियंता तुला निरामय ठेवो, हीच प्रातःकाळच्या प्रार्थनेनंतरची माझी नित्याची मागणी.

तुझे पत्र दोनदा वाचले. नाम आणि रूप यांचा विचार करण्यात माझे आयुष्य गेले. रूप नाशिवंत असून नाम मागे उरते, असे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. आपल्या घरी मात्र रूप मोडल्यावाचून नामच मिळत नसे! बाबांनी कोणताही ग्रंथ न वाचता घालून दिलेला तो नियम मला आज पुष्कळ ग्रंथांहून थोर वाटतो. दोष उच्चारला की तो क्षीण होतो, हे प्रायश्चित्ताचे सारे शास्त्र त्यांनी जेवणाच्या वेळेत बसवले होते.

नातीच्या वहीसाठी आठवतात ती नावे देतो. 'बोबडी' तुला ठाऊक आहेच. 'सासूबाई' ही बाबांची खुर्ची. दिवा बदलण्यासाठी ते तीवर चढले आणि तेव्हापासून कोणीही बसले की ती कुरकुर करू लागली. आई फणकारली होती, "माझ्या सासूबाईंचा इथं काय संबंध?" बाबा म्हणाले होते, "आवाज ओळखलास ना? मग झालं." 'रुसकी' हा आईचा खण, थोपटल्याशिवाय उघडत नसे. 'लंगडोजी' हे माझे तिपाई स्टूल. 'हुंदका' हा मोरीतला नळ, मीच अति आवळून बिघडवलेला. तो थेंबाथेंबाने रडे. एवढीच आठवतात.

नातीविषयी म्हणशील तर तिला परीक्षेस जाऊ द्यावे. हात वारशाने येतो असे मी कोठेही वाचलेले नाही. पेला कोणाच्याही हातून सुटतो. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

सुनेला आठवा महिना लागला आहे. एप्रिलमध्ये घरात बाळ येईल. तू येशील, हे गृहीत धरले आहे.

तुझा दादा

१६ फेब्रुवारी

दादा,

बाळाची बातमी वाचून मन भरून आलं. येईन तर! सतरंजी मात्र घालून ठेव. तुझी बहीण बाळ जमिनीवर बसूनच घेते, हे सुनेला आधी सांग, नाहीतर बिचारीला वाटेल म्हातारी विक्षिप्त आहे.

पण तू मला एक सांग. पोथीतला एक शब्द सुटला तर पहिल्यापासून वाचणारा माणूस तू. तुझ्या यादीत पालथोबा कसा नाही?

नात माझ्यामागे लागली, म्हणून तिला सगळं सांगितलं. मी सहा वर्षांची. दुपारी झोपले होते, उठले तर फळीवरचं गजराचं घड्याळ माझ्या अंथरुणात, बोटं त्याच्यावर, आणि टिकटिक बंद. मी ते कधी काढलं, कधी पाडलं, काहीच आठवेना. झोपेत चालले असेन, असं आई म्हणाली. बाबांनी ते उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, कानाशी धरून पाहिलं. शेवटी पालथं ठेवलं आणि ते टिकटिक करायला लागलं! तोंड वर केलं की बंद, तोंड खाली की सुरू. मी रडत रडतच 'पालथोबा' म्हटलं आणि आई, बाबा, तू, सगळे हसलात. बाबा म्हणाले होते, "घरातलं सगळ्यात चांगलं नाव दिलंस." माझ्या नावावर ती एकच वस्तू आहे. अजून माझ्या ओट्यावरच्या फळीवर पालथी पडून चालते. वेळ बघायची तर उचलून झटकन वाचावी लागते.

नात विचारते, "एकच कशी गं? बाकी सगळ्यांच्या दोन-दोन, तीन-तीन." मी म्हटलं, मी पुन्हा काही मोडलंच नाही, कारण पुन्हा कशाला हातच लावला नाही. बाबा किती दिवस दुकानातून हाक मारायचे, "ये, बाकावर बस, चिमटा धर." मी हात पाठीमागे लपवून दारात उभी राहायची. शेवटी त्यांनी बोलवणं सोडलं. ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, कारण पुस्तक पडलं तरी फुटत नाही. घरात सगळी भांडी धातूची. माझी दोन्ही मुलं मी जमिनीवर बसून वाढवली. तुझा मुलगा झाला तेव्हा मी फरशीवर फतकल मारून त्याला घेतलं, आणि तू सगळ्यांत मोठ्यानं हसला होतास, आठवतं?

नातीचं नकाराचं पत्र लिहून तयार आहे. पंचवीस तारखेला टाकायचं म्हणतेय. तू लिहितोस खरं, पण माझा हात मी ओळखते.

धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र मी तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. प्रत्येक वेळी प्रारंभी एखादे थोर वचन येऊ पाही आणि त्या वचनाच्या आड मी दडू पाही. म्हणून या खेपेस वचन नाही.

नातीचे ते पत्र टाकू नकोस. घड्याळ तुझ्या हातून पडले नाही. ते माझ्या हातून पडले.

मी अकरा वर्षांचा होतो. आई शेजारी गेली होती, बाबा दुकानात होते, तू मधल्या खोलीत झोपली होतीस. मी किल्ली देण्यासाठी घड्याळ फळीवरून काढले. ते काम बाबांचे होते, मला त्याला हात लावण्याची परवानगी नव्हती. हात ओले होते. ते फरशीवर आदळले आणि थांबले. मी ते उचलून तुझ्या अंथरुणात ठेवले. तुझी बोटे उचलून त्यावर ठेवली. तू जागी झाली नाहीस.

जेवताना बाबांनी नेहमीप्रमाणे विचारले, "आज कोणी नाव ठेवणार आहे का?" मग मी म्हणालो, "घड्याळ हिच्या अंथरुणात होतं."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढे शब्दांचे शास्त्र शिकवताना मी अनेकदा सांगितले की असत्याला नेहमी असत्य शब्द लागतातच असे नाही. विद्यार्थी ते लिहून घेत. मला ते कोठून कळले, हे त्यांना ठाऊक नव्हते.

तू आधी माझ्याकडे पाहिलेस. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलेस. ती नजर मी नित्य जपाला बसलो की डोळ्यांसमोर येते आणि माळेचे मणी तसेच पुढे सरकत राहतात.

मी लहान होतो आणि भ्यालो, एवढेच माझे कारण. अनेकदा सांगावेसे वाटले. तू हसतखेळत संसार करतेस, जुनी गोष्ट कशास उकरावी, असे मी मनाला समजावले. तुझा हात तुझ्या नातीपर्यंत पोहोचेल, असे मला कधी वाटले नव्हते. क्षमा मागण्याचा अधिकार मला आहे की नाही, हेही मला कळत नाही.

दादा

२४ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोहोचलं.

कसलं भय? आपल्या घरात मार नव्हता, बोलणी नव्हती. बाबांनी तुला जन्मात एक चापट मारली नाही. एक नाव द्यायचं होतं. हुंदका आणि लंगडोजी तू हसत हसत दिले होतेस. मग याच वेळी का? आणि मीच का?

नीट लिही. शास्त्र नको, भय नको. जे असेल ते लिही.

२७ फेब्रुवारी

धाकटे,

तू योग्य ठिकाणी बोट ठेवलेस. भय नव्हते. कबुलीतही मी काही राखून ठेवले, याची मला लाज वाटते.

त्या दिवशी सकाळी आपण दोघे दुकानात होतो. बाबांनी केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून तुझ्या हाती दिली आणि म्हणाले, "धर बघू." तू धरलीस. बाबांनी भिंग लावून पाहिले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "हिचा हात बघा. पोरगी श्वास घेते, पण चिमटा हलत नाही. माझ्या बाकावर हीच बसणार." मी तीन महिने तोच चिमटा धरण्याचा सराव करीत होतो. माझ्या हातून ती स्प्रिंग तीन वेळा उडून हरवली होती. बाबा मला काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते रागावले असते तर मी सोसले असते.

दुपारी मी घड्याळ काढले ते स्वतःशीच सिद्ध करण्यासाठी, की मलाही जमते. ते पडले, हा अपघातच होता. माझ्या ओल्या हातांची शपथ, मी ते मुद्दाम पाडले नाही. परंतु फळीपासून तुझ्या अंथरुणापर्यंत सहा पावले होती. घड्याळ निसटले. ती सहा पावले निसटली नाहीत. ती मी एकेक करून चाललो.

तुझा हात वाईट ठरावा, हाच माझा हेतू होता. तो सिद्धीस गेला. तू दारात हात लपवून उभी राहू लागलीस आणि तुझ्या जागी मी बाकावर बसलो. तीन वर्षे बसलो, कंटाळलो आणि ग्रंथांकडे वळलो. लोक म्हणाले, मुलाला लहानपणीच वैराग्य आले. बाबांचे दुकान त्यांच्यामागे बंद झाले. ती जागा मला नकोच होती, धाकटे. ती तुला मिळू नये, एवढेच मला हवे होते.

तू फरशीवर बसून माझे बाळ घेतलेस तेव्हा मी हसलो. मी हसलो नसतो तर कोणीतरी विचारले असते की हा का हसत नाही.

आता राखून ठेवलेले काही नाही.

दादा

१४ मार्च

धाकटे,

दोन आठवडे झाले, तुझे पत्र नाही. नातीची परीक्षा उद्या आहे. ती गेली की नाही, एवढेच कोणाकडून तरी कळव. माझ्याशी बोलू नकोस हवे तर.

दादा

२२ मार्च

मोठे आजोबा,

नमस्कार. आजीला चोरून लिहितेय असं समजू नका. ती समोरच बसली आहे, पण मजकूर सांगायला तयार नाही. "तुला हवं ते लिही" म्हणते आणि मी लिहायला लागले की चष्म्यावरून बघते.

तुमची पत्रं तिनं मला वाचायला दिली. आधी आठ दिवस ती कामं करता करता मध्येच थांबायची आणि हात टेबलावर ठेवून बघत बसायची, जणू कोणा दुसऱ्याचा आहे. मग एक दिवस माझं नकाराचं पत्र तिनं चुलीत घातलं... म्हणजे गॅसवर धरलं आणि बोट भाजून घेतलं. म्हणाली, "जा परीक्षेला. पेला फुटला तर फुटला."

मी गेले. निवड झाली. मुख्य कारागीर मला म्हणाले, "कोणाच्या हाताखाली शिकलीस?" मी म्हटलं, कोणाच्याच नाही.

दुसरी गोष्ट सांगू की नको, याचा मी खूप विचार केला. पण आजी म्हणाली, सांग. मी पालथोबा कार्यशाळेत नेला होता. कारागिरांनी उघडून भिंगाखाली धरला. आतल्या डुलत्या चाकाच्या आसाचं एक टोक वाकलंय. पालथं ठेवलं की भार दुसऱ्या, चांगल्या टोकावर जातो, म्हणून चालतं. ते म्हणाले, "हे छातीएवढ्या उंचीवरून कडक फरशीवर पडलंय. अंथरुणात पडून असं वाकत नाही. कोणताही घड्याळजी एका नजरेत सांगेल."

मी घरी येऊन आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं." आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

आता तिचा निरोप, जसाच्या तसा: "त्याला सांग, आपला नियम कागदावरचा नव्हता. जेवतानाचा होता. माणसांसमोरचा."

तुमची नात

३० मार्च

धाकटे,

हे पत्र तुला आणि नातीला, दोघींना आहे. तिचे मनापासून अभिनंदन.

काल जेवताना मी बोललो. मुलगा आणि सून, दोघे होते. मी म्हणालो, "आज मला एक नाव ठेवायचं आहे." मुलगा म्हणाला, "बाबा, सकाळची गोळी घेतलीत ना?" मग मी सगळे सांगितले. स्प्रिंग, ओले हात, सहा पावले, ते वाक्य. एकही शब्द बदलला नाही.

मुलाने विचारले, "आत्या मला उभ्यानं कधी घ्यायची नाही म्हणून तुम्ही गोष्ट सांगायचात. ते यामुळं?"

मी हो म्हणालो.

"आणि आम्हाला हसवायचात."

मी हो म्हणालो.

तो रागावला नाही, उठून गेला नाही. माझ्याकडे न पाहता त्याने जेवण संपवले. असे न पाहिले जाणे मी पूर्वी एकदाच अनुभवले होते, आणि त्या एका अनुभवाची किंमत मी तुला भरायला लावली. सून पोटावर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मग या बाळाला आत्याबाई कशा घेणार?" तो प्रश्न मी तसाच तुझ्याकडे पाठवतो.

बाबांविषयी तू म्हणालीस ते खरे आहे. मला आता एक आठवते. मी घर सोडेपर्यंत ते रोज सकाळी दाढी करता करता मलाच विचारीत, "काय रे, पालथोबा काय म्हणतोय?" मी घड्याळ उचलून वेळ सांगे. "सात वाजून दहा." ते आरशातून माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "बस? एवढंच?" कित्येक वर्षे मला वाटत होते, की त्यांना सेकंदही हवे आहेत. ते माझ्यासाठी रोज दार उघडे ठेवीत होते आणि मी रोज वेळ सांगून ते लोटून घेत होतो.

नियमाप्रमाणे नाव मी द्यायला हवे. मला सुचत नाही. शब्दांची कुळे-मुळे सांगण्यात हयात गेली, परंतु त्या घड्याळाला लावण्याजोगा एकही शब्द माझ्यापाशी नाही. पालथोबा हे नाव तुझे आहे. ते तू सहाव्या वर्षी रडत दिलेस. माझ्या अपराधावर मी ते पांघरू शकत नाही. जेवताना मी तसे सांगितले: "नाव ठेवायला उठलो, पण नाव नाही." अपुरा नियम पाळला, हे तुला कळवतो.

दादा

२४ एप्रिल

दादा,

तार मिळाली. मुलगी झाली, सून बरी आहे, सगळं वाचलं. सुनेला सांग, तिच्या प्रश्नाचं उत्तर मी आणतेय.

तुझं तीस तारखेचं पत्र वाचून मी रडले नाही, हे सांगून ठेवते. तुझ्यापेक्षा बाबांचाच राग जास्त आला. त्यांना कळलं होतं. एक शब्द बोलले असते तर माझे हात मला परत मिळाले असते. पण ज्यानं मोडलं त्यानंच बोलायचं, हा त्यांचा नियम. बाबांना नियम लेकीपेक्षा मोठा वाटला. आता ते नाहीत, तेव्हा त्यांच्या वाट्याचा रागही तुलाच घ्यावा लागेल. तू थोरला आहेस.

नातीनं निवाडा दिला, की चुकीच्या माणसानं दिलेलं नाव धरत नाहीत. म्हणून पालथोबा दुरुस्त करता येतो. एका रविवारी तिनं कार्यशाळेतून नवा आस आणला, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, घड्याळ उघडलं आणि ऐन वेळी चिमटा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "वेडी आहेस का?" ती म्हणाली, "धर बघू." तिला कुठून ठाऊक? तुझ्या पत्रातून ठाऊक.

मी धरला. पासष्ट वर्षांनी. श्वास चालू होता. हात हलला नाही, दादा.

ती भिंगातून बघत होती. "आजी, सोड आता, बसलं जागेवर," असं दोनदा म्हणाली. मला सोडवेना.

घड्याळ आता उभं राहून चालतं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, पण तोंड वर करून पडतं. म्हणजे पालथोबा हे नाव रिकामं झालं. एवढं चांगलं नाव वाया घालवायला मला जिवावर आलं. दोन महिने तुझ्याशी न बोलून आपल्यातलं जे मोडलं ते माझ्या हातून मोडलं, तेव्हा नाव द्यायचा हक्क माझा. काल जेवताना नातीसमोर दिलं. पालथोबा तू. पोथीत तोंड खाली घालून बसलास की छान चालतोस, उभा करून विचारलं की थांबतोस. खरी वेळ बघायची तर तुला कोणीतरी उचलावं लागतं.

माफ केलं, असं धरून चालू नकोस. केलं की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. ठाऊक आहे तो फक्त नियम. नाव मिळालेली वस्तू आपल्या घरात दुरुस्त करत नाहीत आणि टाकतही नाहीत. ज्यानं नाव दिलं त्यानं ती सांभाळायची.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. घ्यायला ये.

सतरंजी घालू नकोस.

धाकटी